मागितला नसताना कोड आला, तर?

गेल्या पंधरवड्यातली गोष्ट. करवीर तालुक्यातील एका गावात सकाळी दूध संस्थेच्या कट्ट्यावर उसातील हुमणीबद्दल माहिती देत बसलो होतो. दूध घालून माणसे परत फिरत होती. एवढ्यात एक आण्णा किटली खाली ठेवून जवळ आले, बंडीच्या खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाले, "साहेब, हे बघा की जरा. रात्रीपास्नं चारदा आलंय. हप्ता पडला काय?"

हप्ता पडला नव्हता. निरोप इंग्रजीत होता. तुमच्या फेसबुक खात्याचा पासवर्ड बदलण्यासाठी हा सहा आकडी कोड वापरा, एवढाच त्याचा अर्थ. चारही निरोप तसेच, फक्त आकडे वेगळे. पासवर्ड बदला असे आण्णांनी कोणाला सांगितले नव्हते. आपले फेसबुकवर खाते आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते.

तोवर कट्ट्यावर पाच-सहा जण जमले. एकाचे म्हणणे, "सिमच काढून टाका, आण्णा." दुसरा म्हणाला, "बँकेतनं पैसे गेले समजा." कॉलेजात जाणारे एक पोरगे होते. ते म्हणाले, "कायबी होत न्हाई, डिलीट मारा." तिघांचेही थोडे थोडे चुकत होते. हुमणी बाजूला राहिली आणि पुढचा पाऊण तास याच विषयात गेला. हा प्रश्न हल्ली गावोगाव कोणी ना कोणी विचारतोच, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

कडी कोण हलवते?

शेतकरी बंधूंनो, कोणत्याही खात्याच्या दारात, मग ते फेसबुक असो, जीमेल असो, महाडीबीटी असो की बँकेचे ॲप, "पासवर्ड विसरलात का?" असा एक पर्याय असतो. तो दाबायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमचा मोबाईल नंबर किंवा ईमेल ज्याला माहीत आहे असा कोणीही माणूस तो दाबू शकतो. दाबला की यंत्रणा मूळ मालकाच्या मोबाईलवर किंवा ईमेलवर कोड पाठवते. कोड सांगेल तो मालक, असा साधा हिशेब.

म्हणजे न मागता कोड आला याचा अर्थ रात्री कोणीतरी आपल्या दाराची कडी हलवून बघितली. दार उघडलेले नाही, घरातले काही गेलेले नाही. पण कडी हलवली हे मात्र खरे. म्हणून सिम काढून फेकण्याचे कारण नाही आणि डिलीट मारून विसरून जाण्याचेही नाही.

कडी हलवणारा दर वेळी चोरच असतो असे नाही. कोणीतरी स्वतःचा नंबर टाकताना एक आकडा चुकला आणि तो नेमका आपला निघाला, असे होते. अशा वेळी कोड एखाद्या वेळी येतो आणि विषय संपतो.

दुसरे कारण गावात फार मोठे आहे, पण ते कोणी लक्षात घेत नाही. सिमकार्ड ९० दिवस वापरलेच नाही तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस तसाच पडून राहतो आणि मग दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिला जातो. आपण घेतलेले नवे सिम हा कोणाचा तरी जुना नंबर असू शकतो, आणि त्या माणसाचे कोड आपल्याकडे येत राहतात. ही झाली निरुपद्रवी बाजू. आता याची उलटी बाजू बघा. रिचार्ज महागला म्हणून घरातला एखादा नंबर सोडून दिलेली कुटुंबे किती आहेत ते आठवा. नंबर सोडला, पण बँकेत, आधारला आणि पीएम किसानला तोच राहिला. म्हणजे आपले कोड आता भलत्याच गावातल्या भलत्याच माणसाच्या खिशात वाजतात. यूपीआय चालवणाऱ्या बँकांनी आणि ॲपवाल्यांनी असे हात बदललेले नंबर आठवड्यातून एकदा तपासून यादी दुरुस्त करावी, असा नियम एप्रिल २०२५ पासून झाला. पण तो यूपीआयपुरता. आधारला लावलेला जुना नंबर आपोआप बदलत नाही, तो आपणच जाऊन बदलायचा. आधार केंद्रावर हे काम होतेच, पोस्टमनकडूनही होते.

तिसरे कारण घरचेच. आण्णांच्या बाबतीत तेच निघाले. इचलकरंजीला शिकायला असलेल्या नातवाला फोन लावला, तेव्हा कळले की पोराने शाळेत असताना आजोबांच्या नंबरावर फेसबुक उघडले होते. पासवर्ड विसरला म्हणून रात्री बारा वाजता खटपट चालली होती. सगळे हसले. मला काही हसू आले नाही. कारण नातू ज्या नंबरावर खेळत होता तोच नंबर आण्णांच्या दुधाच्या बिलाच्या खात्याला, ऊस बिलाच्या खात्याला, आधारला आणि फार्मर आयडीला होता. पोराला त्याची कल्पना नव्हती आणि आण्णांना तर अजिबात नव्हती.

चौथा खरा चोर. त्याला आपला नंबर कुठून मिळतो असे विचारतात. अहो, आपला नंबर गुप्त राहिलाय कुठे? झेरॉक्सच्या दुकानात पडलेल्या अर्जांवर तो असतो, लाभार्थ्यांच्या याद्यांवर असतो, व्हॉट्सॲपच्या पन्नास ग्रुपवर असतो. नंबर लपवून चोर थांबणार नाही. थांबवायचा तो कोड.

कोडच्या मागून येणारा फोन

नुसता कोड आला आणि पुढे काही झाले नाही, तर बहुधा चूक. कोड आला आणि पाठोपाठ फोन आला, तर तो चोर. ही खूण पक्की ध्यानात ठेवावी.

फोनवरची भाषा गोड असते. "काकू, माझा कोड चुकून तुमच्या नंबरवर आलाय, तेवढा सांगता का, माझी परीक्षा आहे." किंवा, "बँकेतून बोलतोय, कोणीतरी तुमचा पासवर्ड बदलतंय, लगेच थांबवायचं असेल तर आलेला कोड सांगा." या दुसऱ्या फोनला भलेभले फसतात, कारण कोड तर खरोखरच आलेला असतो. निरोप बँकेचा खरा, भीती खरी, खोटा फक्त बोलणारा. पासवर्ड बदलण्याचे बटण त्यानेच दाबलेले असते आणि ते थांबवण्याच्या नावाखाली तो आपल्याकडूनच कडी काढून घेतो. बँकेचा, पोलिसांचा, कृषी खात्याचा, कोणत्याही कार्यालयाचा माणूस आलेला कोड फोनवर विचारत नाही. विचारला की फोन ठेवावा. उर्मटपणा वाटेल याची चिंता करू नये. आपल्याकडे समोरच्याला मध्येच तोडून फोन ठेवणे जिवावर येते, आणि चोराला हे माहीत आहे.

व्हॉट्सॲपचेही तसेच. सहा आकडी कोड दिला की आपले व्हॉट्सॲप त्याच्या मोबाईलवर सुरू होते आणि आपल्यावर बंद पडते. मग आपल्या नावाने पाहुण्यांना निरोप जातात, दवाखान्यात आहे, दहा हजार पाठवा. पैसे पाहुण्यांचे जातात आणि तोंड आपल्याला दाखवता येत नाही. यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये खाते या भागात 'दोन टप्प्यांची पडताळणी' आहे, तिथे आपला सहा आकडी पिन घालून ठेवावा. मग नुसत्या कोडवर काम होत नाही, पिनही लागतो. व्हॉट्सॲपमध्येच 'जोडलेली उपकरणे' अशी एक यादी असते. त्यात आपल्याला माहीत नसलेला संगणक दिसला तर लगेच काढून टाकावा.

निरोपच खोटा असला तर

काही वेळा कोड येत नाही, निळ्या अक्षरांची लिंक येते. "तुमचा पासवर्ड बदलला जात आहे, हे तुम्ही केले नसेल तर येथे दाबा." खऱ्या कंपन्याही कधी कधी अशा वाक्याचे ईमेल पाठवतात आणि चोर त्याची हुबेहूब नक्कल करतात. खरा कोणता हे ओळखायला मलाही वेळ लागतो. म्हणून मी ओळखण्याच्या भानगडीतच पडत नाही. निरोप खरा असो की खोटा, त्यातली लिंक दाबायची नाही. खाते तपासायचे ते आपल्या वाटेने जाऊन.

वाट अशी. "आमचा ईमेल नाही" असे बरेच शेतकरी सांगतात, पण अँड्रॉइड मोबाईल असेल तर जवळजवळ खात्रीने जीमेल आहे. मोबाईल घेताना दुकानातल्या पोराने ते उघडून दिलेले असते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'गुगल' नावाचा भाग असतो, त्यात 'गुगल खाते व्यवस्थापित करा' आणि मग 'सुरक्षा'. हे खाते कोणकोणत्या मोबाईलवर उघडे आहे ते तिथे दिसते. आपल्या घरात नसलेला मोबाईल दिसला तर त्यावर दाबून 'साइन आउट' करावे आणि पासवर्ड बदलावा. पासवर्ड विसरल्यास कोड कोणत्या नंबरवर जाणार तेही तिथेच लिहिलेले असते. तो नंबर आपला आहे का, हे आजच बघा. बहुतेकांनी ते एकदाही बघितलेले नाही.

बँकेच्या बाबतीत एक खूण झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांना आपल्या वेबसाईटचे पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करून घ्यावे लागले, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. तसेच २०२५ पासून कंपन्यांच्या एसएमएसच्या नावाच्या शेवटी आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येते. जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा आणि पी म्हणजे जाहिरातीचा. बँकेच्या नावाचा निरोप साध्या दहा आकडी मोबाईल नंबरावरून आला तर तो बँकेचा नव्हे, इतके तरी यावरून कळते. व्हॉट्सॲपवर आलेल्या निरोपाला ही खूण लागू नाही.

लिंकचा थोरला भाऊ म्हणजे एपीके फाईल. 'पीएम किसान यादी', 'आरटीओ चलन', 'लग्नपत्रिका' अशा नावांनी ती व्हॉट्सॲपवर फिरते, आणि फिरवणारा बहुधा आपल्याच ओळखीचा असतो, कारण त्याचा मोबाईल आधीच गेलेला असतो. ही फाईल उघडून बसवून घेतली, विचारेल त्या सगळ्या परवानग्या दिल्या, की आपले एसएमएस चोराला वाचता येतात. मग त्याला फोन करून कोड विचारायचीही गरज उरत नाही. पीएम किसानचे खरे ॲप प्ले स्टोअरवर आहे. व्हॉट्सॲपवरून शासन कोणतेही ॲप वाटत नाही. चुकून बसवून घेतलेच असेल तर आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे आणि मग मोबाईल जाणत्या माणसाकडून साफ करून घ्यावा. साफ होईपर्यंत त्या मोबाईलवर बँकेचे काही उघडू नये.

कट्ट्यावर एकाने विचारले, "साहेब, आपण एवढं सांभाळायचं, आणि बँकच फोडली तर?" प्रश्न रास्त आहे. तसे झालेही आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटी ४२ लाख रुपये पळवले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले, काही रक्कम हाँगकाँगला गेली, आणि देशात जिथे पैसे निघाले त्यात आपले कोल्हापूरही होते. पण तो फटका बँकेला बसला. ठेवीदारांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत. भिंत बँकेची होती, ती सांभाळणे बँकेचे काम होते. आपल्या दाराची कडी मात्र आपल्याकडे आहे, किंवा असायला पाहिजे.

किल्ली कोणाकडे?

इथे मला थोडे माझ्याबद्दल सांगावे लागेल.

२०२२ मधली गोष्ट. पन्हाळा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ठिबकसाठी महाडीबीटीवर अर्ज केला. जमीन दोन एकर, विहिरीला पाणी बेताचे, ऊस जगवायचा तर ठिबकाशिवाय इलाज नव्हता. गावाजवळच्या एका सेवा केंद्रावर जाऊन अर्ज भरा, असे त्यांना मीच सांगितले होते. केंद्रचालकाने खाते काढले, पण मोबाईल नंबर स्वतःचाच टाकला. वाईट हेतू नव्हता. दर वेळी शेतकऱ्याला फोन करून कोड विचारत बसण्यापेक्षा आपलाच नंबर टाकणे त्याला सोपे पडत होते. अशी त्याने गावातली बरीच खाती काढली होती.

सोडतीत या शेतकऱ्याची निवड झाली. निवडीचा निरोप गेला केंद्रचालकाच्या मोबाईलवर. तोवर त्याने दुकान बंद केले होते आणि तो पुण्याकडे कामाला गेला होता. शेतकऱ्याला निवड कळली ती उशिरा, माझ्याकडच्या यादीतून. कागद अपलोड करायला आठवडाही उरला नव्हता. पासवर्ड कोणालाच आठवेना. 'पासवर्ड विसरलात' दाबले की कोड जायचा त्या बंद पडलेल्या नंबराला. आधारवरून आत जावे म्हटले तर आधारला लावलेला नंबर त्यांच्या मेहुण्याचा, तोही रिचार्ज न मारल्याने कधीचाच गेलेला. आधार केंद्रावर नंबर बदलायला दिला, तो बदलून येईपर्यंत मुदत संपली आणि अर्ज रद्द झाला. चोरी झाली नव्हती. कोणी कोणाला फसवले नव्हते. तरी त्या माणसाचे अनुदान गेले. पुढच्या वर्षी त्यांनी सोसायटीचे कर्ज काढून ठिबक केले. मला भेटले की अजून चहा पाजतात, पण त्या अर्जाचा विषय काढत नाहीत.

केंद्रचालकाला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही, कारण तेव्हा माझ्या स्वतःच्या डायरीच्या मागच्या पानांवर साठ-सत्तर शेतकऱ्यांचे युजर आयडी आणि पासवर्ड लिहिलेले होते. पासवर्ड जवळजवळ सगळ्यांचा एकच. 'शेतकरी', मग 'ॲट'चे चिन्ह, मग एक-दोन-तीन. लोकांची सोय म्हणून मी ते करत होतो. ती डायरी एकदा एसटीत विसरून राहिली होती. कंडक्टरने डेपोत जमा केली म्हणून दुसऱ्या दिवशी मिळाली. ती एक रात्र मी झोपलो नाही.

आता शेतीच्या योजनांसाठी फार्मर आयडी आला आहे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांच्या लाभासाठी तो सक्तीचा झाला. त्यामुळे वेगवेगळ्या पासवर्डांची कटकट कमी झाली, पण सगळा भार एका मोबाईल नंबरावर आला. नंबर आपला, चालू आणि आपल्याच खिशात असेल तर काम सोपे. तो भाच्याचा, केंद्रचालकाचा किंवा बंद पडलेला असेल तर पन्हाळ्याच्या गड्यासारखी गत होते. तेव्हा आधारला, बँकेत, फार्मर आयडीला आणि पीएम किसानला कोणता नंबर आहे, हे चारही ठिकाणी एकदा विचारून घ्या. कोणाला विचारायची लाज वाटत असेल तर मला विचारा. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत हे दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी'वर दिसते. आपण न घेतलेले सिम दिसले तर तिथेच तक्रार करता येते.

सेवा केंद्रावर जाऊ नका असे माझे म्हणणे नाही. जायलाच लागते. पण कोड आपल्या मोबाईलवर आला पाहिजे, तो कशासाठी आला हे आपण विचारले पाहिजे, आणि काम संपल्यावर पासवर्ड कागदावर लिहून घरी आणला पाहिजे. पासवर्ड लिहून ठेवू नये असे शहरातले जाणकार सांगतात. मला हे पटत नाही. साठीच्या माणसाने चार पासवर्ड तोंडपाठ कसे ठेवायचे? लिहावेत, पण वहीत, आणि वही खातेउतारा ठेवतो त्या ट्रंकेत. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नयेत, पाकिटात एटीएम कार्डाच्या मागे तर मुळीच नकोत. आणि जीमेलचा पासवर्ड दुसऱ्या कशालाही वापरू नये, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायचे निरोप बऱ्याचदा तिथेच येतात.

आणखी एक. काही व्यवहारांना कोड लागतच नाही. आधारवर अंगठा देऊन पैसे काढण्याची सोय आहे, तिथे अंगठाच कोडचे काम करतो. ही सोय वापरत नसाल तर आधारच्या ॲपवरून बोटांचे ठसे कुलूपबंद करता येतात आणि लागतील तेव्हा उघडताही येतात.

ग्रामपंचायतीच्या ड्रॉवरमधले टोकन

गावकामगार मंडळींनी राग मानू नये, पण हा भाग त्यांच्यासाठी आहे.

२०२५ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या ग्रामपंचायतीचे नाव राज्यभर गाजले. दीड हजाराच्या आसपास वस्तीचे गाव, आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या सीआरएस पोर्टलवर त्या ग्रामपंचायतीच्या नावावर तीनेक महिन्यांत २७ हजारांवर जन्मनोंदी झाल्याचे आढळले. गावात एवढी माणसे नाहीत, एवढी बाळे कुठली? गुन्हा दाखल झाला आणि विशेष तपास पथक नेमले गेले. एका लॉगिनच्या गैरवापराने एका छोट्या गावाचे दप्तर कुठल्या कुठे जाऊन पोचले, ते यावरून दिसते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? मी ज्या कार्यालयांत जातो त्यातल्या काही ठिकाणी युजर आयडी आणि पासवर्डची चिठ्ठी संगणकाच्या पडद्यालाच चिकटवलेली असते. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून देताना ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच अशा दोघांची डिजिटल सही लागते. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून दोन सह्या. पण दोघांची टोकन एकाच ड्रॉवरमध्ये आणि दोन्ही पिन ऑपरेटरला पाठ, असे असेल तर सही एकाचीच झाली, आणि तीही सही करण्याचा अधिकार नसलेल्याची. उद्या चौकशी लागली तर कागदावर नाव सरपंचांचे असते. महिला सरपंचांनी तर टोकन घरातल्या पुरुषांकडेही देऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

कार्यालयात न मागता ओटीपी आला तर धोका जास्त आहे, कारण पाठोपाठ येणारा फोन 'जिल्हा कार्यालयातून' असतो. "पोर्टल अपडेट करतोय, ओटीपी आलाय तो सांगा, वरून सारखा फोन येतोय." वरच्या कार्यालयाचे नाव ऐकले की आपला हात आपोआप पुढे होतो, ती आपल्या नोकरीची सवय आहे. अशा वेळी "दोन मिनिटांत लावतो" म्हणून फोन ठेवावा आणि तालुक्याच्या कार्यालयात आपल्याला पाठ असलेल्या नंबरवर स्वतः फोन करावा. खरा साहेब असेल तर तो रागावणार नाही, रागावला तरी चालेल.

बदली झाल्यावर चार्ज देताना आपण शिक्के मोजून देतो, कपाटाच्या किल्ल्यांची पोच घेतो. लॉगिनला लावलेला मोबाईल नंबर मात्र जुन्याच माणसाचा राहतो आणि त्याचे कोड वर्षभर दुसऱ्या तालुक्यात जात राहतात. चार्ज यादीत या नंबरांचीही ओळ घातली तर नव्या आणि जुन्या दोघांचाही ताप वाचेल.

कोड सांगून बसलो, तर

लाज वाटून माणूस दोन दिवस कोणाला बोलत नाही, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून फिरून निघून जातात. कोड सांगितला हे ध्यानात आले त्या क्षणी १९३० या नंबरवर फोन करावा. तो देशभर एकच आहे. शनिवारची रात्र असली तरी सोमवारची वाट बघू नये. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची आशा जास्त. तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवरही नोंदवता येते आणि जिल्ह्यात सायबर पोलीस ठाणे आहे.

दुसरा फोन बँकेला, आणि शाखा उघडल्यावर लेखी अर्ज. अर्जाच्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घेतल्याशिवाय उठू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात यासंबंधी तत्त्व घालून दिले होते. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर कामकाजाच्या तीन दिवसांत दिली तर ग्राहकावर बोजा नाही. ग्राहकाने स्वतः कोड सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तशीच सूचना गेली. आज नेमका नियम कोणता हे शाखेत विचारून घ्यावे, पण पोचेवरच्या वेळेला महत्त्व का आहे ते यावरून कळेल. सरळ सांगायचे तर ती वेळ म्हणजे पैसे.

आण्णांचे फेसबुक त्या दिवशी नातवाकडून बंद करवून घेतले. जीमेल बघितले तर त्यात मोबाईल दुकानदाराचा नंबर निघाला, तो काढून आण्णांचा घातला. व्हॉट्सॲपला पिन लावला. पिन कोणता घालायचा ते मी बघणार नाही म्हणून तोंड फिरवून उभा राहिलो, तर आण्णा मोठ्याने म्हणाले, "बैलं घेतली ते साल घालतो, कोण ओळखतंय!" सगळ्या कट्ट्याने ऐकले. त्यात पिनाला सहा आकडे लागतात, सालाचे झाले चारच. मग दुसरा घातला, यावेळी गुपचूप.

माझ्या डायरीतली ती पाने मी गेल्या वर्षी ज्याची त्याला फाडून दिली. जे भेटले नाहीत त्यांची बंबात घातली. तरी महिन्यातून एकदोन फोन येतातच, "साहेब, माझा पासवर्ड काय हुता वो?"